शुगर निघालीय? व्यायाम असा सुरू करा

चार वर्षांपूर्वी ऑफिसच्या वार्षिक तपासणीत माझी शुगर निघाली. उपाशीपोटी १६२, जेवणानंतर २४१, एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या साखरेचा सरासरी अंदाज, ७.९. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि चिठ्ठीच्या तळाशी एका ओळीत लिहिलं, 'नियमित व्यायाम'. किती, केव्हा, कसला, काही नाही. बाहेर पुढचा पेशंट खोकत होता, मीही विचारलं नाही. डोंबिवलीहून रोज फोर्टला जाणाऱ्या बाईने हा नियमित व्यायाम बसवायचा कुठे, हे उमगायला मला वर्ष लागलं. मधल्या काळात दोन-तीनदा चांगलीच फजिती झाली. तुमची होऊ नये म्हणून हे लिहितेय.

मी डॉक्टर नाही. इथे जे आहे ते टाइप २ मधुमेह नुकताच निघालेल्यांसाठी आणि 'बॉर्डरवर आहे' असं ऐकून आलेल्यांसाठी. टाइप १ असेल किंवा गरोदरपणातली शुगर असेल, तर तुमचं गणित वेगळं असतं. ते तुमच्या डॉक्टरांकडूनच समजून घ्या.

सुरुवातीआधी: व्यायामाचा डोस उतरतो

स्नायू हे शरीरातल्या साखरेचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक. एरवी रक्तातली साखर उचलायला त्यांना इन्सुलिनचा इशारा लागतो, आणि टाइप २ मध्ये नेमका तोच नीट ऐकू जात नाही. पण स्नायू काम करायला लागला की ग्लूट-४ नावाची वाहक प्रथिनं इन्सुलिनची वाट न बघता पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि साखर आत घेतात. शिवाय व्यायाम संपल्यावरही साधारण एक ते दोन दिवस स्नायू इन्सुलिनला जास्त दाद देतात. मग तो परिणाम ओसरतो.

हे मला उशिरा कळलं. सुरुवातीचे दोन महिने मी दर रविवारी मैत्रिणींबरोबर मलंगगड चढत होते. सोमवारी पाय दुखायचे, मंगळवारपर्यंत अभिमान टिकायचा, आणि गुरुवारची शुगर होती तिथेच. बीपीच्या सात गोळ्या रविवारी एकदम घेऊन कुणी आठवडा काढत नाही. व्यायामाचंही तसंच. म्हणून जगभरचे डॉक्टर सांगतात: आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम, आणि सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड नको. मला विचाराल तर यातला दुसरा भाग पहिल्यापेक्षा जास्त महत्त्वाचा.

१. कागद एका फायलीत लावा

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा हे बरोबर असू द्या:

- एचबीए१सी, उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची शुगर
- मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी
- कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट, बीपीची नोंद, असल्यास जुना ईसीजी
- डोळ्यांच्या पडद्याची तपासणी
- सगळ्या गोळ्यांची यादी, बीपीच्या आणि थायरॉइडच्याही. आयुर्वेदिक काढा चालू असेल तर लाजू नका, तोही लिहा.

मग तीनच प्रश्न विचारा. माझ्या गोळ्यांपैकी कोणत्या गोळीने शुगर एकदम खाली जाऊ शकते? माझ्या डोळ्यांना, पायांना, हृदयाला कोणता व्यायाम चालणार नाही? चालण्यापलीकडे काही जोरात करायचं असेल तर आधी आणखी तपासणी लागेल का? तिन्ही उत्तरं तिथेच लिहून घ्या. बाहेर आल्यावर आठवत नाहीत.

२. डोळे आणि पाय दाखवल्याशिवाय जोरात काही नको

मधुमेह निघतो तेव्हा तो बऱ्याचदा काही वर्षं आत मुरलेला असतो. म्हणून 'आत्ताच तर निघालाय' म्हणून डोळ्यांची तपासणी पुढे ढकलू नका. थेंब टाकून बाहुली मोठी करतात आणि पडदा बघतात. त्या दिवशी तीन-चार तास उजेड सहन होत नाही, तेव्हा एकटे लोकलने परतायचा बेत नको. पडद्यावर नाजूक नव्या रक्तवाहिन्या फुटल्या असतील, तर जड वजन उचलणं, श्वास कोंडणं, शीर्षासन-सर्वांगासन हे सगळं डोळ्यांचे डॉक्टर होय म्हणेपर्यंत बंद. सूर्यनमस्कारातही डोकं खाली जातं, त्याबद्दलही विचारा.

पायांचं मी आईकडून शिकले. तिला वीस वर्षं शुगर होती. एकदा ती बाजारातून आली, चप्पल काढली, आणि मोठ्या वाटाण्याएवढा खडा बाहेर पडला. दिवसभर ती त्याच्यावर चालत होती. तळव्याला खोल खळगा पडलेला, आणि ती म्हणते, "अगं, मला काही लागलंच नाही." त्या जखमेने चार महिने खाल्ले. तळव्याची संवेदना तपासायला डॉक्टर नायलॉनचा एक धागा टेकवून बघतात, डोळे मिटून 'लागलं का' ते सांगायचं. दोन मिनिटांचं काम, पण मागितल्याशिवाय होईलच असं नाही. मागा.

आणि आता आपल्याकडचा लाडका सल्ला: 'सकाळी दवावर अनवाणी चाला.' नको. गवतात काच असते, काटे असतात. टोचणाऱ्या दाण्यांच्या अ‍ॅक्युप्रेशर चपलाही नकोत. नवरात्रात नऊ दिवस अनवाणी राहायचा नेम मीसुद्धा केलेला आहे. शुगर निघाल्यावर तो सोडला आणि सासूबाईंनी दोन दिवस अबोला धरला. मे महिन्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर मी मोजे घालून जाते. लोक बघतात. बघू देत.

३. सामान

थोडक्यात सांगते. पुढे बोटांना ऐसपैस जागा असलेले बूट. संध्याकाळी विकत घ्या, कारण तेव्हा पाय किंचित सुजलेले असतात. सकाळी घेतलेले बूट रात्री चावतात. नवे बूट पहिल्या आठवड्यात एका वेळी अर्धा तासच. सुती, शिवण न टोचणारे मोजे. एक ग्लुकोमीटर आणि स्ट्रिप. खिशात किंवा पर्समध्ये ग्लुकोज पावडरची पुडी किंवा लिमलेटच्या गोळ्या, आणि नाव, घरचा फोन नंबर, 'मला मधुमेह आहे', चालू औषधं एवढं लिहिलेली चिठ्ठी. रोज झोपण्याआधी तळवे बघायला एक छोटा आरसा.

महागडं घड्याळ लागत नाही. दिवसाला दहा हजार पावलांचा आकडा तर जपानमध्ये १९६५ साली विकायला आलेल्या एका पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आलाय, कुठल्या प्रयोगशाळेतून नाही. तो गाठला नाही म्हणून खट्टू होऊ नका.

४. शतपावलीपासून सुरू करा, पण शंभरावर थांबू नका

आपल्या आजी-आजोबांची शतपावली नेमक्या वेळी होते. जेवल्यावर साधारण तास-दीड तासात रक्तातली साखर टोकाला जाते, आणि जेवणानंतर १५ ते ३० मिनिटांनी चालायला निघालं तर ते टोक बोथट होतं. फक्त शंभर पावलं म्हणजे जेमतेम मिनिटभर झालं. दहा ते पंधरा मिनिटं हवीत.

माझं वेळापत्रक: दुपारी डबा झाला की हॉर्निमन सर्कलच्या बागेभोवती पंधरा मिनिटं, रात्री जेवल्यावर सोसायटीच्या आवारात पंधरा मिनिटं. आठवड्यातले पाच दिवस धरले तरी १५० मिनिटं इथेच भरली, आणि त्यासाठी पहाटे पाचचा गजर लागला नाही. सकाळी उठून फिरायला जाणं चांगलंच आहे. पण ते जमत नाही म्हणून काहीच न करणाऱ्या बायका माझ्या लोकलच्या डब्यात रोज भेटतात. भाजी निवडत निवडत एकमेकींना सांगतात, "वेळच नाही ग." तुमच्याकडे जेवणानंतरची दहा मिनिटं आहेत का, एवढंच बघा.

वेग किती? चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येता कामा नये. गाता येत असेल तर वेग वाढवा. वाक्य तुटत असेल तर कमी करा.

पटत नसेल तर स्वतःवर करून बघा. दोन दिवस दुपारी तेच जेवण घ्या. मी दोन पोळ्या, भेंडीची भाजी, वाटीभर वरण-भात घेतला होता. पहिल्या दिवशी जेवून बसून राहा, दुसऱ्या दिवशी पंधरा मिनिटं चाला. दोन्ही दिवशी पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी शुगर मोजा. माझी बसून २१४ आली, चालून १७३. ग्लुकोमीटरचा आकडा प्रयोगशाळेपेक्षा १५ टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे असू शकतो, म्हणून हा प्रयोग दोन-तीनदा करा आणि पाच-दहाच्या फरकाला भुलू नका. बोट टोचण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करा. एकदा आंबा चिरून तशीच मोजायला बसले आणि ३१२ बघून पाय गळाले. हात धुऊन परत मोजली, १५८.

५. शुगर खाली गेली तर

हा भाग नीट वाचा.

आषाढी एकादशी होती. सकाळी नेहमीप्रमाणे शुगरची ग्लिमेपिराइड ही गोळी घेतली, उपास म्हणून नाश्ता टाळला, खिचडी डब्यात होती, ऑफिसात खाणार होते. वर उत्साह एवढा की रिक्षा न करता पंचवीस मिनिटं तरातरा चालत स्टेशन गाठलं. मुंब्रा गेलं आणि घाम फुटला. जुलैतल्या लोकलमध्ये घाम कुणाला येत नाही? मग हात थरथरायला लागले, मोबाइलवरची अक्षरं हलायला लागली, आणि शेजारच्या बाईवर पिशवी लागली म्हणून मी विनाकारण खेकसले. मी सहसा खेकसत नाही. ते बघून आमच्या ग्रुपमधल्या एकीने विचारलं, "शुगर आहे ना तुला?" आणि पर्समधल्या चार लिमलेटच्या गोळ्या माझ्या तोंडात कोंबल्या. "चोखू नको, चाव." ठाणं सुटल्यावर मी माणसांत आले.

त्या दिवशी मी केलेल्या चुका तुम्ही टाळा:

- ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी व्यायाम नको. उपास करायचाच असेल तर त्या दिवशीच्या डोसबद्दल डॉक्टरांना आधी विचारा.
- या औषधांवर असाल आणि निघण्याआधी शुगर ९० च्या खाली असेल, तर आधी अर्धं-पाऊण केळं किंवा दोन-तीन खजूर खा.
- घाम, थरथर, धडधड, एकदम भूक, चिडचिड, धूसर दिसणं यांपैकी काही झालं की थांबा. मोजता आलं तर मोजा. ७० च्या खाली म्हणजे हायपो. मोजता येत नसेल तर हायपोच समजा.
- साधारण १५ ग्रॅम साखर पोटात जायला हवी: तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात, नाहीतर तीन-चार लिमलेट चावून. १५ मिनिटांनी परत मोजा, वर आली नसेल तर पुन्हा तेवढंच. मग काहीतरी नीट खा. पेढा, चॉकलेट, बिस्किट इथे कामाचं नाही, त्यातल्या स्निग्धामुळे साखर उशिरा चढते.
- माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी मांडीत सुई टोचून लगेच चालायला निघू नये, ते भराभर शोषलं जातं. बीपीसाठी मेटोप्रोलॉल किंवा अ‍ॅटेनोलॉल चालू असेल तर थरथर-धडधड झाकली जाते, घाम तेवढा येतो. त्याच्याकडे लक्ष ठेवा. जोरदार व्यायामानंतर काही तासांनी, अगदी रात्री झोपेतही शुगर खाली जाऊ शकते.

उलट बाजूही सांगते. फक्त मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीवर असाल तर हायपो क्वचितच होतो. मग 'शुगर पडेल' या भीतीने दर फेरीआधी चार बिस्किटं खायची गरज नाही. अर्ध्या तासाच्या चालण्यात दीडशेच्या आसपास कॅलरी जातात. स्टेशनबाहेरच्या एका वडापावात त्या सव्याज परत येतात.

शुगर २५० च्या वर आणि अंगात कसर, मळमळ, ताप असेल तर त्या दिवशी व्यायाम नको. पाणी प्या, डॉक्टरांना फोन करा. छातीत दाब, जबड्यात-खांद्यात दुखणं, नेहमीच्या जिन्यावर नवीच धाप, याला 'पित्त असेल' म्हणू नका. मधुमेहात हृदयाचं दुखणं अनेकदा असंच आडून येतं.

६. स्नायू वाढवा

चालण्याने साखर खर्च होते. स्नायू वाढले की साखर साठवायला जागा वाढते. आठवड्यातून दोन-तीन दिवस, एक दिवस आड:

- खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस, दहा वेळा
- भिंतीला हात टेकून दंड, दहा वेळा
- ओट्याला धरून टाचा वर-खाली, पंधरा वेळा
- पाण्याने भरलेल्या लिटरच्या बाटल्या दोन्ही हातांत घेऊन वर उचलणं, दहा वेळा

हे सगळं दोन फेऱ्यांत. उचलताना श्वास सोडा, कोंडू नका. सोपं वाटायला लागलं की वाढवा. लिटरच्या बाटलीच्या जागी दोन लिटरची. सूर्यनमस्कार घालणाऱ्यांनी घालावेत, चारपासून सुरुवात करावी. गुडघे कुरकुरत असतील तर मी खुर्चीची उठ-बसच सुचवेन.

'घरकामात व्यायाम होतोच की!' हे मीही म्हणायचे. लादी वाकून पुसताना धाप लागत असेल तर ती धरा हिशेबात. पोळ्या लाटणं, मशीनला कपडे लावणं, भांडी जागेवर ठेवणं यात दमायला होतं, पण हृदयाची गती वाढत नाही. थकवा आणि व्यायाम यांत मी बरीच वर्षं गल्लत केली.

७. बसणं मोडा

लोकलमध्ये खिडकी मिळाली की सोडवत नाही, मान्य. ऑफिसात मात्र दर अर्ध्या तासाने उठा, दोन-तीन मिनिटं. मी टेबलावर मोठी बाटली ठेवायची बंद केली आणि छोटा पेला ठेवला, म्हणजे पाण्यासाठी उठावंच लागतं. पावसाळ्यात बाहेर चालणं बंद पडतं ते बहुतेकांचं कायमचंच. त्यासाठी आधीच ठरवून ठेवा: घरातल्या घरात दिवाणखाना ते स्वयंपाकघर फेऱ्या, किंवा जिना. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पूर्वी याचं रडगाणं गायचे.

८. घरातल्या 'बॉर्डर'वाल्यांना बरोबर घ्या

उपाशीपोटी १०० ते १२५ किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने अशाच उंबरठ्यावरच्या भारतीयांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना नेहमीचा जुजबी सल्ला दिला त्यांच्यातल्या ५५ टक्क्यांना तीन वर्षांत मधुमेह झाला. खाणं आणि चालणं यांचा पाठपुरावा केलेल्यांत ३९ टक्क्यांना. मेटफॉर्मिन देऊनही जवळपास तेवढाच फायदा दिसला, आणि दोन्ही एकत्र केल्याने त्यात भर पडली नाही.

'आमचा मुलगा काडीपैलवान आहे, त्याला कशाला?' हा पुढचा सापळा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपण बारीक दिसतो आणि आतून चरबीचे असतो. म्हणून वजनकाट्याऐवजी घरात शिंप्याची टेप ठेवा. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या वर, बायकांची ८० च्या वर गेली की शुगर तपासून घ्या. गरोदरपणात शुगर वाढली असेल तर त्या बाईने दरवर्षी-दोन वर्षांनी तपासावीच. माझी धाकटी जाऊ या यादीत आहे. रात्रीच्या फेऱ्यांना आता तीच मला हाक मारते.

९. तीन महिन्यांनी

एचबीए१सी रोज उठून तपासायची गोष्ट नाही. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, त्यामुळे केलेलं आकड्यात दिसायला तीन महिने लागतात. नियमित व्यायामाने तो साधारण अर्धा ते पाऊण टक्का उतरतो. आकडा छोटा वाटतो, पण कित्येक गोळ्या एवढंच करतात. जोरात धावल्यावर लगेच शुगर वाढलेली दिसली तर घाबरू नका, यकृत तात्पुरती साखर सोडतं. तासा-दोन तासांनी परत मोजा. आणि आकडा चांगला आला म्हणून स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका. शेजारच्या काकांनी केली होती. सहा महिन्यांत ते इन्सुलिनवर गेले.

व्यायामात शुगर वारंवार ८०-९० कडे जात असेल तर त्या तारखा लिहून डॉक्टरांना दाखवा, डोस कमी करायला त्यांना तेच हवं असतं. माझ्या वहीत अशा सात तारखा होत्या. एचबीए१सी ६.८ आला, ग्लिमेपिराइड निम्म्यावर आली. मी पर्समधल्या लिमलेट काढून टाकणार होते, डॉक्टर म्हणाले राहू द्या. महिन्याच्या पहिल्या तारखेला त्या बदलते. पावसाळ्यात पंधरा दिवसांनी, कारण दमट हवेत चिकटून कागदासकट गोळा होतात आणि ऐन वेळी उलगडत नाहीत.